नांगर की शेपूट?



मागल्या हंगामात एका कापूस खरेदी केंद्राच्या फाटकाशी गाड्यांच्या रांगेत आम्ही उभे होतो. पुढच्या गाडीच्या कापसात ग्रेडरने ओलावा मोजायचे यंत्र खुपसले आणि हात झटकला, "बाराच्या वर आहे. परत न्या." गाडीचा धनी साठीचा कास्तकार. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, कमरेत वाकला आणि म्हणाला, "साहेब, पाहा ना जी काही होते काय. मायबाप आहा तुम्ही." ग्रेडरने त्याच्याकडे पाहिलेही नाही. मागून एक शिकलासवरलेला पोरगा हळूच बोलला, "किती लाचार झाला आपला माणूस!"

रांगेतले सगळे गप्प झाले. पोरगा खोटे बोलला नव्हता, पण खरेही बोलला नव्हता. परतीच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आमचा वाद झाला तो याच एका शब्दावर. तो वाद जिल्हा बैठकीसमोर ठेवावा म्हणून हा कागद.

'चारा' कोणी बंद केला?

'लाचार' हा शब्द मुळात मराठी नाही. तो फारसीतून आला. त्यातला 'ला' अरबी, म्हणजे नाही. 'चारा' फारसी, म्हणजे उपाय, इलाज. हिंदीत आजही म्हणतात, दुसरा चारा नाही. तो चारा हाच. आपण बैलापुढे टाकतो तो चारा वेगळा, तो चरण्यावरून आला. तर लाचार म्हणजे ज्याच्यापुढे उपाय उरलेला नाही असा माणूस. हे त्याच्या परिस्थितीचे वर्णन आहे, स्वभावाचे नाही. नदीच्या पुरात सापडलेला माणूस लाचार असतो. त्यात त्याचा काही दोष नसतो.

मराठीत येऊन या शब्दाने कूस बदलली. आज आपण लाचार म्हणतो ते ज्याचा कणा मोडला आहे, जो तुकड्यासाठी कुणाच्याही पाया पडतो त्याला. परिस्थितीचा शब्द शिवी होऊन बसला. ही अदलाबदल कुणाच्या सोयीची आहे? ज्याने उपाय बंद केला त्याच्या. आधी दार लावून घ्यायचे, मग दारावर धडका मारणाऱ्याला म्हणायचे, पाहा, याला डोके आपटायची सवयच आहे.

वऱ्हाडात ही दारे कशी लागत गेली याचा हिशोब मांडा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले ते कंटिंजंट फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी. कर्ज निजामाचे, तारण आपली काळी माती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्रजांच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवले. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. वऱ्हाडच्या पांढऱ्या सोन्यासाठी आगगाडी आली असे आपल्याला शाळेत कौतुकाने शिकवले. सोने गाडीत बसून गेले, पऱ्हाटी वावरात उभी राहिली. ती उपटायची मजुरी आपल्याच अंगावर.

स्वराज्यात दारे उघडतील असे वाटले होते. १९७० च्या दशकात ज्वारीवर लेव्ही होती. वावर आपले, तिफन आपली, पण खळ्यावरची ज्वारी सरकारने ठरवलेल्या भावाने सरकारला घालायची. १९७१ चा कायदा झाला आणि १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. नाव शेतकऱ्याच्या भल्याचे. नियम असा की कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, दुसऱ्या कुणाला विकायचा नाही, राज्याची सीमा ओलांडायची नाही. पलीकडे मध्य प्रदेशात चार पैसे जास्त मिळत असले तरी आपलाच कापूस आपण नेला तर चोर आपण. पैसे हप्त्याहप्त्याने, ग्रेड त्यांच्या मर्जीची. या योजनेने तीस वर्षे आपल्याला फाटकाशी उभे राहायला शिकवले. कापूस आंदोलनात १० डिसेंबर १९८६ रोजी सुरेगावला गोळीबार होऊन तीन शेतकरी मेले. ते भीक मागत नव्हते, भाव मागत होते.

आज एकाधिकार नाही. मग दार उघडले काय? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला ७७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये हमीभाव जाहीर केला. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आपली सीतादही होऊन कापूस बाजारात उतरतो ते नेमके हेच दिवस. एका हाताने भाव जाहीर करायचा, दुसऱ्या हाताने बाजार पाडायचा, आणि मग आपण हमीभावाच्या केंद्रावर रांगेत उभे राहिलो की म्हणायचे, शेतकरी सरकारवर फार अवलंबून राहतो!

हे केवळ आमचे रडगाणे नाही. श्रीमंत देशांची संघटना ओईसीडी आणि दिल्लीची इक्रिअर या संस्थेने मिळून २०१८ साली अहवाल काढला. २००० ते २०१७ या काळात भारतातल्या धोरणांनी शेतकऱ्याच्या एकूण उत्पन्नातून सरासरी वर्षाला सुमारे १४ टक्के काढून घेतले, असा त्यांचा हिशोब आहे. अनुदाने धरून हा हिशोब आहे. म्हणजे देतात म्हणून जे सांगतात ते वजा करूनही घेतलेले जास्त निघते.

तर त्या पोराला आमचे उत्तर असे. टोपी काढणारा तो म्हातारा शब्दाच्या मूळ अर्थाने लाचार होता. त्याच्याकडे चारा ठेवला नव्हता. कर्जाचे नवे-जुने करायचे होते, ट्रॅक्टरचे भाडे चढत होते, परत नेलेला कापूस ठेवायला घरात जागा नव्हती. त्याला शिवी देऊ नका. शिवी द्यायचीच तर दार लावणाऱ्याला द्या.

शेपटीचा शब्द आणि नांगराचा शब्द

पण गोष्ट इथे संपत नाही. लाचारी लादलेली असते. दुसरा एक प्रकार आहे, तो आपण आपल्या हाताने करतो. त्याला वर्तमानपत्रवाले 'लांगूलचालन' म्हणतात. लांगूल म्हणजे शेपूट, चालन म्हणजे हलवणे. आपल्या खेड्यातला शब्द याहून सोपा आहे, गोंडा घोळणे. कुत्रे भाकरीच्या तुकड्यासाठी जे करते ते.

हा दाखला जुना आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकात तो आहे आणि वामन पंडिताने ते शतक मराठीत आणले. भर्तृहरी सांगतो की घास देणाऱ्यापुढे कुत्रा शेपूट हलवतो, पायाशी लोळतो, तोंड आणि पोट दाखवतो. हत्ती मात्र धीराने पाहत उभा राहतो आणि शंभर आर्जवे करून घेऊन मगच खातो. पंडित लोक हा दाखला देऊन सांगतात, कुत्रा होऊ नका, हत्ती व्हा.

आम्हा कास्तकारांना यात एक खोट दिसते. कुत्रा काय आणि हत्ती काय, दोघेही दुसऱ्याच्या हातचे खातात. एक लोळून खातो, एक रुबाबात खातो, एवढाच फरक. या गोष्टीत तिसरा एक आहे, तो घास देणारा. तो कोण? ज्वारी कोण पिकवतो? अंगावरचे कापड ज्या कापसाचे होते तो कोण पिकवतो? घास देणारे आपण आहोत. या गोष्टीत आपली जागा कुत्र्याची नाही आणि हत्तीचीही नाही. भाषणात आपल्याला अन्नदाता म्हणतात आणि भाषण संपले की त्याच अन्नदात्याला हात पसरायला लावतात. घास देणारा शेपूट हलवतो आणि खाणारा मालक म्हणून मिरवतो, असे उलटे चित्र भर्तृहरीनेही पाहिले नसेल.

आता याच शब्दाच्या शेजारचा शब्द पाहा. संस्कृतात 'लांगूल' म्हणजे शेपूट आणि 'लांगल' म्हणजे नांगर. एका उकाराचा फरक. आपला 'नांगर' हा शब्द लांगलवरूनच आला. बलरामाच्या खांद्यावर नांगर म्हणून त्याचे एक नाव लांगली. भाषेच्या अनेक अभ्यासकांचे मत असे आहे की लांगल हा शब्द वेदातल्या लोकांनी इथे त्यांच्या आधीपासून राहणाऱ्यांच्या भाषेतून उचलला आणि त्याचे नाते मुंडा कुळातल्या भाषांशी आहे. आपल्या मेळघाटातले कोरकू बोलतात ती भाषा त्याच कुळातली. म्हणजे नांगराचा शब्द देणारे होते माती कसणारे.

लांगल आणि लांगूल. माणसाच्या हाती नांगर असला की हात गुंतलेले असतात, मान वर असते, नजर तासावर असते. नांगराची किंमत बुडाली की उकार लागतो आणि नांगराची शेपूट होते. आपल्या बैलालाही शेपूट असते. पण तो ती गोमाशा हाकलायला वापरतो. चाऱ्यासाठी शेपूट हलवणारा बैल आम्ही तरी पाहिला नाही.

'सन्मान' नावाचा घास

हल्ली घासाला नवे नाव मिळाले आहे, सन्मान. २०१७ च्या कर्जमाफीच्या योजनेच्या नावात सन्मान. २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या केंद्राच्या निधीच्या नावात सन्मान. २०२३ च्या राज्याच्या निधीच्या नावात तर महासन्मान. पैसा हक्काचा आहे, खात्यात आला तर घ्यावा, यात आमचा वाद नाही. जो १४ टक्के काढून घेतो त्याच्याकडून काही परत आले तर ते दान नव्हे. पण हिशोब करून घ्यावा. केंद्राचे वर्षाला ६००० आणि राज्याचे ६०००, मिळून १२ हजार. ज्या घरी २० क्विंटल कापूस होतो, त्याला क्विंटलमागे ६०० रुपये कमी भाव मिळाला की वर्षाचा सगळा सन्मान तिथेच संपला. पुढे प्रत्येक रुपयाने भाव उतरला की २० रुपयांचा अपमान आपल्या खिशातून.

आणि या सन्मानासाठी काय करावे लागते? आधार जोडा, ई-केवायसी करा, बोटाचा ठसा उमटत नाही म्हणून पुन्हा या. कापूस वेचून आणि वखर धरून ज्या बोटांच्या रेघा झिजल्या त्यांनाच यंत्र विचारते, तू तूच काय? निवडणुकीच्या तोंडावर पुढारी आपल्यासमोर गोंडा घोळतात. मत पडले की पाच वर्षे पाळी आपली.

आपले आपणही पाहावे

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्याकडे वळलेली तीन बोटेही मोजली पाहिजेत.

पहिली गोष्ट आपल्या अर्जांची. आजही आपण लिहितो, 'मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी' आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक'. मेहेरबान म्हणजे कृपा करणारा. सातबारा मागणे ही कृपा मागणे आहे काय? आपल्याला रयत म्हणत आले. रयत हा अरबी शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ राखलेला, चारायला नेलेला कळप. कळपाला राखणदार असतो, पण कळप भाव मागत नाही. वऱ्हाडच्या जमाबंदीत आपले नाव खातेदार म्हणून लागले. खातेदार खाते मांडतो, घेणे-देणे विचारतो. सही करताना हा शब्द का लिहू नये? महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्यात अर्जाची पोच द्यावी लागते, ठरलेल्या मुदतीत काम करावे लागते, नाही केले तर अपील आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडही आहे. ज्याच्या हातात हा कायदा आहे त्याने 'काही होते काय पाहा ना जी' म्हणायचे कारण नाही. त्याने पोच मागावी.

दुसरी गोष्ट कडू आहे. ज्या गावात आपण साहेबाला मायबाप म्हणत होतो त्याच गावात आपण महारवाड्यातल्या माणसाकडून 'जोहार मायबाप' ऐकून घेत होतो. त्याने वाकून जोहार घातला नाही तर आपल्या मिशा थरथरत. ती माणसे बाबासाहेबांच्या मागे उभी राहिली आणि त्यांनी जोहार टाकून दिला. 'जय भीम' रूढ करण्याचे श्रेय आपल्याच विदर्भातल्या कामठीच्या बाबू हरदास (१९०४-१९३९) यांना दिले जाते. जमीन नसताना, गाव विरोधात असताना त्यांनी नमस्कार बदलला. आपल्याकडे सातबारा असून आपल्याला मायबाप सोडवत नाही. हा धडा त्यांच्याकडून घ्यायला लाज वाटत असेल तर ती लाज आधी सोडा.

तिसरी गोष्ट घरातली. बाहेर हुजऱ्या असलेला माणूस घरात हुजूर होतो. तहसीलीत गिळलेला अपमान संध्याकाळी चुलीजवळ ओकला जातो. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, पुढे लक्ष्मीमुक्तीत बायकोच्या नावाने जमीन करून देण्याचा कार्यक्रम निघाला. किती घरांत तो झाला आणि किती घरांत राहिला हे ज्याने त्याने आपल्या सातबाऱ्यावर पाहावे. जो घरात कुणाला वाकवतो त्याला बाहेर ताठ उभे राहता येत नाही.

ताठ मानेचे दाखले आपल्याच मातीतले

न वाकण्याची विद्या शिकायला दूर जायचे काम नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. कुणी पाया पडायला आले की बाबा काठी उगारत. सगळी हयात त्यांनी लोकांना सांगितले की देव दगडात नाही आणि माझ्या पायातही नाही. ते १९५६ साली २० डिसेंबरला गेले. आता त्यांच्या पुतळ्याच्या पाया पडून आपण त्यांचे सांगणे मोडत असतो.

आपला पोळा पाहा. तोरणाखाली बैल उभे असतात आणि झडत्या सुरू होतात. सावकार, पुढारी, पाटील, सरकार, कुणाचीही भीड न धरता साऱ्या गावासमोर त्यांचे माप काढायचे. वर्षातला हा एक दिवस वऱ्हाडी माणूस तोंड दाबून बसत नाही. प्रश्न एवढाच की उरलेले ३६४ दिवस ती झडती कुठे जाते?

आणि १० जून २०१९. अकोला जिल्ह्यातले अकोली जहागीर, तालुका अकोट. सरकारने मान्यता न दिलेले तणनाशक सहन करणारे कापसाचे बियाणे शेतकऱ्यांनी उघडपणे, तारीख सांगून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वावरात टोबले. त्यासाठी तेव्हा तुरुंगवासाची शिक्षा होती, हे माहीत असून टोबले. ते बियाणे बरे की वाईट यावर आपल्यातही दोन मते असतील, ती बैठकीत मांडावीत. पण चोरून पेरणे आणि सांगून पेरणे यातला फरक ओळखावा. चोरून पेरणारा लाचार असतो. सांगून पेरणारा आपला चारा स्वतः शोधतो.

बैठकीसमोर

म्हणून या जिल्हा बैठकीसमोर आम्ही तीन गोष्टी ठेवतो. मोठ्या नाहीत, उद्यापासून करता येण्याजोग्या आहेत.

एक, आपल्या गावातून जाणारा एकही अर्ज 'मेहेरबान' ने सुरू होणार नाही आणि 'आज्ञाधारक' ने संपणार नाही. वर पदाचे नाव, खाली 'खातेदार', आणि हातात पोच.

दोन, खरेदी केंद्रावर गाडी एकटी जाणार नाही. गावच्या गाड्या एकत्र जातील. केंद्राचा नियम असा आहे की ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ पर्यंत कपात, १२ च्या वर नकार. तर यंत्रावरचा आकडा गाडीच्या धन्याला दाखवा, नाकारत असाल तर कारण लिहून द्या, एवढेच सगळ्यांनी मिळून म्हणायचे. टोपी डोक्यावरच ठेवायची.

तीन, कुण्याही पुढाऱ्याचा सत्कार करण्याआधी गावाने त्याला एक प्रश्न विचारायचा. परदेशी कापसाचे शुल्क उठले तेव्हा तुम्ही काय बोलला? उत्तर आले तर हार घाला. नाही आले तर हाराचे पैसे वाचतील.

त्या दिवशी रांगेत आमच्याकडूनही चूक झाली. म्हातारा वाकला तेव्हा आम्ही वीसजण होतो. एकानेही पुढे होऊन म्हटले नाही की साहेब, आकडा दाखवा. त्याच्या लाचारीत आमचे गप्प राहणे मिसळलेले होते. तो गाडी परत घेऊन गेला. पुढच्या हंगामात तो पुन्हा त्याच फाटकाशी येईल. त्याच्यापुढे चारा ठेवणे हे सरकारच्या हाती आहे तितकेच मागे उभ्या असलेल्या गाड्यांच्याही हाती आहे.

भीक नको, हवे घामाचे दाम. ही घोषणा आपण चाळीस वर्षे दिली. तिच्यातला पहिला शब्द सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो.